तांबानं शे का?

शहादा तालुक्यात विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती गाडीत टाकून थेट वायंडिंगवाल्याकडे नेतो. दुकानाची पायरी चढतानाच त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तांबानं शे का?" उत्तर मिळाल्याशिवाय मोटार गाडीतून खाली उतरत नाही. अ‍ॅल्युमिनिअमचं वायंडिंग स्वस्त पडतं हे त्याला ठाऊक असतं. कमी व्होल्टेजला ते तापतं आणि केळीला पाणी द्यायच्या ऐन वेळी दगा देतं, हेही त्याने एकदा तरी भोगलेलं असतं. म्हणून तो तांब्यावर अडून बसतो.

हाच शेतकरी महिन्याभराने घरात इंटरनेटची वायर घ्यायला त्याच बाजारात जातो. तेव्हा तो विचारतो, "मीटर कसं दिलं?" आणि दुकानदार जी वायर कापून देईल ती गुंडाळून घरी आणतो. तांब्याचा प्रश्न तिथे कुणाच्याच तोंडी येत नाही. मला राग आहे तो याचा, आणि या अज्ञानावर धंदा करणाऱ्यांचा.

दिवाळीनंतर मावसभावाकडे गेलो होतो. पपई आणि केळीची शेती, पुढे जुनं धाब्याचं घर, मागे चार वर्षांपूर्वी बांधलेल्या स्लॅबच्या खोल्या. फायबरचं कनेक्शन पुढच्या ओसरीत टीव्हीजवळ घेतलेलं. पुतणी बारावीला, नीटची तयारी करते, तिची खोली अगदी मागे. ओसरी ते तिची खोली साठ फूट, आणि मधे हातभर जाडीच्या दोन मातीच्या भिंती. वायफायला त्या भिंती ओलांडवत नाहीत. म्हणून धाब्यावरून वायर टाकून मागच्या खोलीत लॅपटॉपला जोडलेली. तरीही सराव परीक्षा देताना मधेच सगळं गोल गोल फिरायला लागायचं.

"काका, माझे चाळीस प्रश्न झाले होते. पान परत उघडलं तर वेळ संपलेला," ती म्हणाली.

भाऊ म्हणाला, "दादा, तीनशेचा प्लॅन घेतला आहे. कंपनीच्या माणसाला चार वेळा बोलावलं. तो येतो, ओसरीत मोबाइलवर स्पीड दाखवतो, तीनशे भरतो आणि जातो."

तो माणूस खरंच बोलत होता. ओसरीत तीनशे होता. मागच्या खोलीत लॅपटॉपवर मोजला तर 94. पुन्हा मोजला, 93. तिसऱ्यांदा 94. हा आकडा लक्षात ठेवा. प्लॅन मोठा असताना वायरीवर स्पीड 94-95 च्या वर जातच नसेल, तर बहुतेक वेळा जोडणी शंभर एमबीपीएसवर अडकलेली असते. दोष लाइनचा नसतो, घरातल्या वायरीचा, जॅकचा किंवा पोर्टचा असतो. कंपनीला शिव्या घालण्याआधी हे तपासायला पाच मिनिटं लागतात. (टीव्हीवर मात्र हा नियम लावू नका. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं वायरीचं पोर्ट मुळातच शंभरचं असतं, आणि सिनेमा बघायला तेवढं पुरून उरतं.)

लॅन केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. शंभर एमबीपीएसला चारच तारा लागतात. हजाराला, म्हणजे एक जीबीपीएसला, आठही लागतात. आठातली एक जरी तुटली किंवा नीट बसली नाही, तर दोन्हीकडची यंत्रं बहुतेक वेळा मुकाट्याने शंभरवर उतरतात. कुठे लाल दिवा लागत नाही, कुठे संदेश येत नाही. घरचे लोक समजतात नेट चालू आहे. चालू असतंच, पण लंगडत.

जॅक उघडून पाहिला. रंगांचा क्रम बसवणाऱ्या पोराने स्वतःच्या डोक्याने लावलेला. केशरी जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी, अशी ओळीने. दिसायला नीटनेटकी, पण चूक. ज्यांना हे काम येतं त्यांना क्रम पाढ्यासारखा पाठ असतो. व्हाइट-ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट-ग्रीन, ब्लू, व्हाइट-ब्लू, ग्रीन, व्हाइट-ब्राऊन, ब्राऊन. हिरवी जोडी मुद्दाम फोडून तिसऱ्या आणि सहाव्या खाचेत घालायची, निळी मधे. कारण यंत्र तिसऱ्या आणि सहाव्या खाचेला एक जोडी मानतं. तिथे एक तार हिरव्या पिळातली आणि दुसरी निळ्या पिळातली आली की जोडीचा पीळच फुटतो.

पिळाला एवढं महत्त्व का, तेही सांगतो. शेजारून विजेची तार गेली किंवा मोटार सुरू झाली की तिचा गोंगाट या बारीक तारांमध्ये शिरतो. दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतील तर तो गोंगाट दोघींवर जवळजवळ सारखा येतो, आणि पलीकडचं यंत्र दोघींतला फरकच मोजत असल्याने तो वजा होतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने टेलिफोनच्या तारांसाठी ही युक्ती 1881 मध्ये काढली. इथरनेट 1973 मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत सुरू झालं ते जाड कोअॅक्स केबलवर, आणि पुढे तेही बेलच्या पिळावर आलं. आजही सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. जॅक बसवताना तारा सरळ कराव्या लागतात, पण जेमतेम अर्धा इंच. आपल्याकडे दोन-दोन इंच पीळ सोडून ठेवलेले मी पाहिले आहेत.

आणि तो आठ दिव्यांचा स्वस्तातला टेस्टर! सगळे दिवे ओळीने लागले की "भाऊ, ओके" म्हणून पैसे मागितले जातात. तार इकडून तिकडे पोहोचली एवढंच तो सांगतो. पीळ फुटला आहे हे त्याला कळत नाही. कळणारं यंत्र महाग असतं, मान्य. पण क्रम पाठ करायला पैसे लागत नाहीत.

मी दोन्ही टोकं कापून नवे जॅक बसवले. तरी 94. टेस्टर लावला तर सातवा दिवा लागेना. सातवी म्हणजे व्हाइट-ब्राऊन. वायर हातात धरून धाब्यावर चढलो आणि पॅरापीटच्या कोपऱ्याशी येऊन थांबलो. करडं वेष्टण उन्हाने चिरलेलं, वायर काटकोनात मुडपून खिळ्याने ठोकलेली. घरात वापरायची पीव्हीसीची वायर चार उन्हाळे नंदुरबारच्या उन्हात. आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे सहज जातो, स्लॅबवर तर हात टेकवत नाही. त्यात ते प्लॅस्टिक किती टिकणार?

वेष्टण सोलून एक तार ब्लेडने खरवडली. वरचा लालसर थर कागदाइतकासुद्धा नव्हता. दोनदा पातं फिरलं आणि आतून तार पांढरीफटक निघाली. भाऊ वाकून बघत होता. त्याने ती बोटांनी पुढे-मागे वाकवली. सातव्या-आठव्या वेळेला तुकडा हातात आला.

"अ‍ॅल्युमिनिअम," तो म्हणाला. एवढंच. मोटार जळाल्यावर वायंडिंगवाल्याच्या दुकानात बोलतो त्याच आवाजात.

याला बाजारात सीसीए म्हणतात. अ‍ॅल्युमिनिअमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. चांदीचा मुलामा दिलेली साखळी चांदी म्हणून विकली तर आपल्या सराफ बाजारात काय होईल, सांगायला नको. सातपुड्यातल्या बायका कडं हातात घेऊन वजनावरून खोटं ओळखतात. इथे मुलाम्याची वायर "ओरिजिनल कॉपर" म्हणून बेधडक विकली जाते आणि कुणी ब्र काढत नाही.

अ‍ॅल्युमिनिअम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. खांबावरून गावात येणारी विजेची तार अ‍ॅल्युमिनिअमचीच असते. हलकी, स्वस्त, जाडीला कंजुषी नाही. तिथे ती योग्यच. डिशच्या वायरीतही तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार असते आणि ती चालते. याच जोरावर दुकानदार सांगतात, "भाऊ, सिग्नल तारेच्या वरच्या थरातूनच जातो, आत काहीही असो." अर्धं खरं आहे. फार वेगाने बदलणारा सिग्नल वरच्या थरातून जातो. पण त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीजही पाठवायची असते, आणि ती अख्ख्या तारेतून जाते. त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा मुलाम्याच्या तारेचा रोध दीडपटीहून जास्त असतो. शिवाय ती वाकवताना तुटते, जॅकच्या दातांखाली सैल होते. कॅट 5ई, कॅट 6 ही नावं ज्या मानकांतून आली आहेत त्यांत तार तांब्याचीच मानली आहे. म्हणजे मुलाम्याच्या वायरीवर "कॅट 6" छापणं हेच मुळात खोटं आहे.

आता या आकड्यांबद्दल. कॉलेजातली पोरं हल्ली ऑनलाइन कॅट 8 मागवतात. सोनेरी जॅक, विणलेलं कापडी वेष्टण. आठ सहापेक्षा मोठा म्हणून आठ चांगला, असा हिशोब. अरे बाबांनो, कॅट 8 तीस मीटरच्या आत पंचवीस-चाळीस जीबीपीएस नेण्यासाठी आहे, सर्व्हर ठेवतात त्या खोल्यांसाठी. तुमच्या लॅपटॉपचं पोर्ट एक जीबीपीएसचं, प्लॅन तीनशेचा. त्यातून ती वायर पट्टीसारखी चपटी असली तर आत केसासारख्या बारीक तारा असतात, आणि तिला खरोखर कॅट 8 म्हणावं का, हाच प्रश्न असतो. कॅट 7 तर अमेरिकी मानकात कधी घेतलंच नाही. त्याचे खरे जॅकही वेगळेच असतात.

घराला काय लागतं, सरळ सांगतो. आधीची वायर कॅट 5ई असेल आणि खऱ्या तांब्याची असेल तर ती काढू नका. शंभर मीटरपर्यंत ती एक जीबीपीएस नेते. नवी टाकत असाल तर कॅट 6, शुद्ध तांब्याची, 23 गेजची. पंचावन्न मीटरच्या आत ती दहा जीबीपीएससुद्धा नेऊ शकते, म्हणजे भिंतीत घातली तर पुढची पंधरा-वीस वर्षं बघायला नको. भिंतीतून किंवा पाइपातून न्यायची तर एकसंध तारेची घ्या. यंत्रापासून भिंतीपर्यंतचा दोन-तीन हात लांबीचा तुकडा मात्र बारीक तारांच्या झुबक्याचा, तयार पॅच कॉर्ड असावा, कारण तो रोज हलतो. वरून चंदेरी पन्नी असलेली शील्डची वायर घरी घेऊ नका. तिची पन्नी दोन्ही टोकांच्या यंत्रांमार्फत अर्थिंगला लागली तरच तिचा उपयोग, आणि आपल्या किती घरांत अर्थिंग खरंच जमिनीत गेलेलं असतं?

उन्हातून न्यायची असेल तर बाहेरची, काळ्या वेष्टणाची, आणि तीही पाइपातून. वीज आणि नेट एका पाइपात नको. नवं घर बांधणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. लाइट फिटिंगचे पाइप स्लॅबमध्ये टाकता तेव्हाच नेटसाठी एक वेगळा रिकामा पाइप टाका. ओसरीपासून मुलांच्या खोलीपर्यंत आणि एक गच्चीपर्यंत. त्या दिवशी त्याचा खर्च घराच्या हिशोबात दिसणारसुद्धा नाही. नंतर भिंत फोडायची म्हणजे प्लास्टर, रंग आणि घरातल्यांची बोलणी.

वायर बदलण्याआधी राउटरच्या मागची पोर्टंही बघा. कंपन्या देतात त्या कित्येक डब्यांवर चारांपैकी एकच पोर्ट हजाराचं असतं, बाकी शंभरची. मागच्या खोलीची वायर चुकीच्या पोर्टात असेल तर नवी वायर टाकूनही 94 च दिसणार.

नंदुरबार शहराभोवती मिरचीच्या पथाऱ्या लागल्या की हे सगळं आणखी मोठ्या मापात दिसतं. उघड्यावर लाखोंचा माल वाळत पडलेला, म्हणून आता पथारीवर खांब आणि खांबावर कॅमेरे. एका व्यापाऱ्याने मला बोलावलं. तक्रार अशी की दिवसभर कॅमेरे उत्तम, अंधार पडला की एकेक बंद, दोन मिनिटांनी चालू, परत बंद. त्याला वाटलं कॅमेरेच खराब. दोन बदलूनही झाले होते. कॅमेऱ्याला वीज त्याच लॅन केबलमधून जात होती. रात्री अंधारात बघायचे दिवे पेटले की कॅमेरा जास्त वीज ओढतो. वायर मुलाम्याची, लांबी नव्वद मीटरच्या घरात. वाटेतच व्होल्टेज इतकं पडायचं की कॅमेरा गुडघे टेकायचा. रात्रीसाठी लावलेला कॅमेरा रात्रीच आंधळा.

हा व्यापारी मिरची घेताना काय करतो माहीत आहे? मूठभर उचलतो, कानाशी खुळखुळवतो, देठ बघतो, एक मोडून वास घेतो. ढिगाच्या वर चांगली आणि खाली ओली, ही लबाडी त्याला दहा फुटांवरून कळते. आणि वायरीचा अख्खा बॉक्स घेताना त्याने बॉक्सवरचं नाव वाचलं फक्त. तो उचलून तरी बघायचा! तांब्याच्या मानाने अ‍ॅल्युमिनिअमचं वजन तिसऱ्या हिश्श्याच्या आतबाहेर असतं. एकाच लांबीचे दोन बॉक्स दोन हातांत घेतले तर हलका कोणता ते कुणालाही कळावं. वेष्टणावर बारीक अक्षरात छापलेलं असतं तेही वाचा, गेज किती, जात कोणती, कुठे सीसीए लिहिलंय का. आणि इंचभर तुकडा मागून दुकानातच ब्लेड फिरवा. शंभर मीटरहून लांब न्यायचं असेल तर मग लॅन केबलचा नादच सोडा, मधे स्विच तरी लावा किंवा सरळ फायबर टाका.

फायबर म्हटलं की लोक बिचकतात. पण घरापासून गोठ्यावर, दुकानातून गोडाऊनवर नेट न्यायचं असेल तर फायबरच. मृगाच्या आधीची वादळं आपल्याला काही नवी नाहीत. दोन इमारतींमधून उघड्यावर गेलेली तांब्याची तार विजेला आयतं निमंत्रण देते. वीज जवळ कुठे पडली तरी राउटर, स्विच, कधी टीव्हीसुद्धा जळून जातो. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, मात्र आत लोखंडी तार असलेला प्रकार घेऊ नका.

हे सगळं मी इतक्या तळमळीने का सांगतो आहे? कारण हा जिल्हा नेटसाठी किती थांबला आहे ते मला माहीत आहे. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला आपल्या टेंभलीत दिलं गेलं, पंतप्रधान स्वतः आले होते. त्या दिवसापासून रेशनला अंगठा, शिष्यवृत्तीला अर्ज, पीक विम्याला पोर्टल, एकेक करून सगळं नेटवर गेलं. 2011 च्या ऑक्टोबरात केंद्राने ग्रामपंचायती फायबरने जोडायची योजना मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. आणि आजही धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंज धरायला टेकडी चढणारी पोरं आहेत. एवढ्या लांबून, एवढ्या वर्षांनी फायबर एखाद्या घराच्या उंबऱ्याशी येतं, आणि शेवटचे साठ फूट मुलाम्याच्या वायरीत अडकतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

एका आश्रमशाळेत संगणकाची खोली पाहिली होती. वीस संगणक, छान रंगवलेल्या भिंती, आणि निम्म्या संगणकांच्या जॅकची पकड तुटलेली. हात लागला की वायर बाहेर. मुलं एक हात कीबोर्डवर आणि एक हात मागे वायर दाबून बसलेली. खरेदीच्या कागदावर "लॅन केबल, कॅट 6" एवढंच. ज्याने सर्वांत कमी दर भरला त्याला काम. कागदावर "शुद्ध तांबे, 23 गेज" हे शब्द नसतील तर तो मुलाम्याची वायर टाकणारच, आणि त्याला जाब विचारायला आधार राहत नाही. ग्रामसेवकांनी, मुख्याध्यापकांनी, नगरपालिकेच्या अभियंत्यांनी हे शब्द निविदेत घालावेत, आणि काम घेताना एक तुकडा कापून सर्वांसमोर खरवडावा. यात काय अवघड आहे?

दुकानदारांनाही सांगतो. तुमच्यातले बरेच जण स्वतः फसलेले आहेत, मला मान्य आहे. सुरत-मुंबईहून बॉक्स येतो, त्यावर छापलेलं तुम्ही खरं मानता. पण एकदा खरवडून बघितल्यावरही तेच विकत राहिलात तर ती लबाडी तुमची. स्वस्त वायर जरूर ठेवा, तिच्यावर "अ‍ॅल्युमिनिअम" लिहा आणि त्या भावात विका. बिलावर धातूचं नाव लिहा. आणि गिऱ्हाइकांनो, बिल घ्या. जिल्ह्याला ग्राहक आयोग आहे, पण "मीटर कसं दिलं" म्हणून चिठ्ठीशिवाय आणलेल्या वायरीसाठी तो काय करणार?

भावाने दुसऱ्या दिवशी शहाद्याहून पंचवीस मीटर आणली. दुकानात त्याने ब्लेड मागितलं म्हणे. दुकानदार चिडला, मग आतून दुसरा बॉक्स काढला. काळी, जाड, वाकवताना हाताला जोर लागावा अशी. आम्ही पाइप टाकला, पॅरापीटच्या कोपऱ्याला काटकोन टाळून मोठा गोल वळसा दिला. जॅक पुतणीनेच बसवले. रंगांचा क्रम तिला दोनदा सांगितला, तिसऱ्यांदा तिने मला म्हणून दाखवला. पहिला जॅक चुकला, दुसरा बसला. लॅपटॉपवर 287.

जुनी वायर वेटोळं करून ओट्यावर ठेवली होती. दुपारी भंगारवाला आला. भावाने विहिरीवरच्या जुन्या मोटारीचं जळकं वायंडिंग आणि ही वायर दोन्ही त्याच्यापुढे टाकली. त्याने वायंडिंग हातात घेऊन लगेच तराजूत टाकलं. मग वायरीचं टोक दातांनी सोललं, खिशातली कानस एकदा फिरवली, उन्हात धरून बघितली आणि वेटोळं गाडीच्या पलीकडच्या बाजूला, वाकलेल्या पातेल्यांच्या ढिगावर फेकलं.

"ह्याचा भाव वेगळा, भाऊ," तो म्हणाला.